हरिकेन काढून डीआय: जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवताना

पेट्रोल इंजिन बाहेर काढायला आम्हाला एक सकाळ पुरली. नऊ वाजता बॉनेट उतरवलं आणि जेवणाच्या आधी ते पेट्रोलवालं हरिकेन इंजिन चेनपुलीला लटकत होतं. पुढे ती जीप साडेचार महिने शेडमध्ये उभी राहिली. डिझेल इंजिन तर पहिल्या दिवसापासून शेजारी टायरवर ठेवलेलं होतं. अडलं ते त्याच्याभोवतीच्या सटरफटर गोष्टींसाठी: एक ब्रॅकेट, बुटका जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद अॅक्सलकडे नेणारा दांडा), डिझेल टाकीकडे परत नेणारा पाइप, बॅटरीची जाड वायर. ही गोष्ट २००३ सालची. त्यानंतर ओळखीतल्या दोन जीपना हेच काम करताना हाताशी होतो. त्या दोन्ही पाच आठवड्यांत रस्त्यावर आल्या, कारण सटरफटर आधी गोळा केलं आणि इंजिनाला नंतर हात लावला. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

गाडी म्हणजे महिंद्राची सीजे ३बी, म्हणजे उंच बॉनेटची जीप. बॉनेट उंच असण्याचं कारण हरिकेन इंजिनच. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे ते उभं वाढलेलं. हीच उंची पुढे डिझेलच्या कामी येते.

आधी कागद

आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन या दोन्हींची नोंद असते. या कामात दोन्ही बदलतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. २००३ साली आम्ही अर्ज केला, तपासणी झाली, नोंद झाली. आज तसंच होईल असं धरून चालू नका. इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर घ्या. ‘करून आणा, मग बघू’ याला उत्तर म्हणत नाहीत. नकार आला तर हरिकेनचं बोअर-पिस्टन (सिलिंडर घासून नवे पिस्टन) करून घ्या, तेही इंजिन काही वाईट नाही. नोंद नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच विचारते.

आरसीवर आधीपासून डिझेल असेल, म्हणजे कोणी नव्वदच्या दशकात इंजिन बदलून नोंद करून घेतली असेल, तर वाट बरीच सोपी. इंजिनाचा नंबर बदलतो, इंधन बदलत नाही.

विकणाऱ्याकडून बिल आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं त्या गाडीच्या आरसीची प्रत घ्या. भंगार बाजारात ‘कागद नंतर पाठवतो’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडे पाना घेण्यापुरतंच जावं.

कोणतं इंजिन

महिंद्राच्या जीपमध्ये कारखान्यातूनच दोन घराण्यांची डिझेल इंजिनं आली. एक प्यूजोचं एक्सडीपी ४.९०: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून ४.९०, आणि २११२ सीसी. दुसरं इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या वंशातलं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन: बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) चार इंच, २५२३ सीसी. प्यूजो हलकं, गुळगुळीत चालणारं, साडेचार हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) फिरणारं, पण थंडीत हीटर प्लगशिवाय हलत नाही. डीआय जड आणि आवाजी. त्यात इंधन थेट पिस्टनवर फवारलं जातं, म्हणून हीटर नसतानाही उठतं. माझं मत डीआयच्या बाजूने आहे, आणि त्यामागचं कारण साधं: तालुक्याच्या गावी दुकानदार त्याचं गॅस्केट न विचारता काढून देतो.

आता आकडे बघा, कारण इथेच बहुतेकांची निराशा होते. हरिकेनची ताकद सुमारे ७२ हॉर्सपॉवर, ४००० आरपीएमला, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण १५५ न्यूटन मीटर, २००० आरपीएमला. डीआयच्या टर्बो अवतारात, जो नंतर थार डीआयमध्ये आला, ६३ हॉर्सपॉवर ३२०० आरपीएमला आणि टॉर्क १८० च्या आसपास, तोही १५०० आरपीएमला. म्हणजे हॉर्सपॉवर कमीच होते! वाढते ती खालच्या फेऱ्यांमधली ओढ. चिखलातून, दगडावरून, भरलेली ट्रॉली घेऊन चढताना तीच लागते. हायवेवर पळवायचं मनात असेल तर हा खर्च करूच नका.

पळण्याचा हिशेब घरीच करता येतो. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि अंतर मोजा. ६.००-१६ च्या टायरला ते सव्वादोन मीटर भरतं. जुन्या जीपच्या हाउसिंगचा (डिफरन्शियलचा) रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे जॉइंट शाफ्टचे फेरे, ५.३८ असतो. टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, म्हणून ३००० आरपीएमला चाक मिनिटाला सुमारे ५५८ फेरे घेतं, म्हणजे ताशी ७५ किलोमीटर. पेट्रोल इंजिन ४००० पर्यंत जायचं, तेव्हा शंभर दिसायचे. डिझेल तिथे जाणार नाही. ४.८८ चा रेशो टाकला तर त्याच ३००० ला ८३ मिळतात. मात्र बदलायचा तर पुढचा आणि मागचा दोन्ही. एकच बदलला तर फोर-व्हील टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटूनच ते मिटतं. आम्ही ५.३८ ठेवला. घाटात त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

सेट घ्या, सुटं इंजिन नको

एवढा एकच सल्ला पाळलात तरी अर्धी डोकेदुखी वाचेल. इंजिन, बेल हाउसिंग, क्लच, गिअरबॉक्स, दोन्ही फाउंडेशन ब्रॅकेट (ज्यांवर इंजिन चासीला बसतं), सेल्फ (स्टार्टर मोटर), अल्टरनेटर, दोन डब्यांचा डिझेल फिल्टर, अॅक्सिलरेटरचे दांडे, स्टॉपर केबल (इंजिन बंद करण्याची), एअर क्लीनर आणि रेडिएटर हे सगळं एकाच गाडीतून काढलेलं घ्या. शक्यतो अशी गाडी शोधा जी स्वतः फोर-व्हील ड्राइव्ह होती. टू-व्हील ड्राइव्ह गाडीच्या इंजिनाचा संप (खालचं ऑइलचं भांडं) नेमका पुढच्या डिफरन्शियलच्या वर येऊ शकतो. जीपचं पुढचं डिफरन्शियल उजव्या अंगाला असतं. खड्ड्यात कमानपाटे दबले की ते वर येतं आणि संप फोडतं.

जुना तीन गिअरचा टी-९० बॉक्स ठेवून फक्त इंजिन बदलायचा मोह होतो. नका करू. मधली प्लेट लेथवर काढून देणारे आहेत, पण क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र केसभर जरी चुकलं तरी पायलट बुश आणि क्लच प्लेट काही महिन्यांत जातात. डिझेलचे ठोके तर त्या बॉक्सने कधी खाल्लेलेच नाहीत.

इंजिन सुरू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी ब्लॉकला हात लावून पाहा. ते गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच त्याला उठवून ठेवलंय. थंड इंजिन किती सेल्फमध्ये उठतं ते मोजा. चालू झाल्यावर ऑइल टाकायचं झाकण उघडून भोकावर उलटं ठेवा. थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट किंवा हेड. पांढरा धूर गरम झाल्यावर जायला हवा. निळा राहिला तर इंजिन ऑइल खातंय. टर्बो असेल तर पाइप काढून चाक बोटाने हलवा: गोल फिरलं पाहिजे, आतबाहेर खेळता कामा नये. डिझेल पंपाचं सील तुटलेलं असेल तर कोणीतरी ताकद वाढवण्याच्या नादात स्क्रू फिरवलाय. तो पंप आणि चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या) कॅलिब्रेशनला द्यायचा खर्च भावातून वजा करा.

मोजमाप आणि उतरवणं

गाडी अजून चालू आहे तोवर वजनकाट्यावर न्या. उसाच्या हंगामात रांग असते, एरवी दहा मिनिटांचं काम. पूर्ण गाडी आणि मग फक्त पुढची चाकं, अशी दोन वजनं लिहून ठेवा. समतल फरशीवर चारही मडगार्डची जमिनीपासूनची उंची घ्या. गिअरच्या दांड्याची जागा, रेडिएटर ते पायांपुढच्या पत्र्याचं अंतर, दोन्ही जॉइंट शाफ्टची फ्लॅंज ते फ्लॅंज लांबी, हेही टिपा. हे आकडे नंतर कुठूनही मिळत नाहीत.

जुनं इंजिन काढलं की चासी धुऊन घ्या. फाउंडेशनच्या बाजूला आणि स्टिअरिंग बॉक्सजवळ वीस-तीस वर्षांच्या तड्या तेलकट मातीखाली लपलेल्या असतात. वेल्डरला आत्ताच बोलवा, नंतर तिथे हात जाणार नाही. ब्रेकच्या पाइपांकडेही याच वेळी बघा.

बसवणं

आमची पहिली चूक अशी झाली: इंजिन एका जागी आवडलं आणि आम्ही ब्रॅकेट पक्कं वेल्ड केलं. मग कळलं की गिअरचा दांडा सीटला टेकतोय. आता पद्धत ठरलेली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून, वरचा फापटपसारा काढून, चेनपुलीवर लटकतं ठेवायचं. खाली लाकडाच्या पाचरी. मग एकामागून एक बघायचं: पंखा आणि रेडिएटरमध्ये इंचभर जागा आहे ना, हेडच्या मागे पाना फिरतो ना, स्टिअरिंगची नळी सायलेन्सरच्या वाटेत येत नाही ना, संपाखाली बोटं जातात ना. पुढचे पाटे दबल्यावर काय होईल हे बघायला रबरी ठोकळे काढून पुढचा अॅक्सल जॅकने वर चढवा.

सगळं जुळलं की ब्रॅकेट फक्त वेल्डिंगचे टाके मारून धरा. इंजिन काढा, पक्कं वेल्डिंग खाली उतरवून करा. फाउंडेशनचे रबर नवेच टाका, आणि डिझेलचेच. पेट्रोलच्या मऊ रबरावर डीआय ठेवलं तर उभ्या गाडीत आरसा इतका हलतो की मागचा ट्रक ओळखू येत नाही.

जॉइंट शाफ्टचं माप शेवटी, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्या. जॅकवर घेतलेलं माप खोटं असतं. सेटमधला चार गिअरचा बॉक्स लांब असल्याने मागचा शाफ्ट कापावा लागतो. तो कापून बॅलन्स करून देणाऱ्याकडेच द्या. सरकता भाग साधारण मध्यावर राहिला पाहिजे, म्हणजे पाटे दबले-उघडले तरी तो टेकणार नाही आणि निघूनही येणार नाही. दोन्ही टोकांच्या फ्लॅंज एकमेकींना समांतर नसतील तर शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (वळणारे सांधे) ओरडायला लागतात.

डिझेलची वाट

पेट्रोलमध्ये एक पाइप जातो आणि काम संपतं. डिझेल पंप मात्र लागतं त्यापेक्षा जास्त खेचतो आणि उरलेलं परत पाठवतो, म्हणून टाकीला दुसरं तोंड हवं. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि ती वर्षानुवर्षं पेट्रोल प्यायलेली असते. रिकाम्या पेट्रोल टाकीला कधीही गॅस वेल्डिंग लावू नका. रिकामी म्हणजेच वाफेने भरलेली. टाकी उतरवा, गरम पाण्याने आणि साबणाच्या पावडरीने तीनदा धुवा, दोन दिवस उघडी ठेवा. त्यानंतरही वेल्डिंग टाळा. टाकीतल्या फ्लोटच्या (इंधनाची पातळी दाखवणाऱ्या) झाकणाच्या प्लेटमध्ये बाकावर भोक पाडून, नटबोल्टाने बसणारी निपल लावता येते. आम्ही तेच केलं.

परतीचा पाइप टाकीत खेचणाऱ्या पाइपापासून लांब सोडा, नाहीतर फेसाळलेलं डिझेल लगेच पुन्हा आत जातं. जीआय पाइप किंवा जस्ताचा मुलामा असलेली जोडणी वापरू नका, डिझेल त्या जस्ताशी खेळतं आणि तो गाळ नोझलपर्यंत पोचतो. जुने पेट्रोलचे रबर पाइप फेकून द्या.

खेचणाऱ्या बाजूला गळती असेल तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, उलट हवा आत जाते. गाडी सकाळी उठते, दहा मिनिटं चालते आणि चढावर मान टाकते. आम्ही या दुखण्यात दोन रविवार घालवले. शेवटी फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक प्लास्टिकचा पाइप घातला आणि इंजिन चालू केलं. त्यातून मुंगीच्या रांगेसारखे बुडबुडे जाताना दिसले. टाकीपासून एकेक जोड घट्ट करत आलो, तिसऱ्या जोडाला रांग थांबली. तांब्याचा वॉशर जुना होता.

वीज

डिझेल दाबायला सेल्फला खूप करंट लागतो. १२ व्होल्टची, ८० अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी हवी, आणि तिची वायर पेट्रोलवाली चालत नाही. बॅटरी जितकी लांब तितकी वायर जाड. इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्युटर हे सगळं निघतं, त्यामुळे वायरिंग कमी होतं हे खरं.

पण इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी विसरू नका. आम्ही विसरलो. इंजिन नव्या रबरांवर बसलेलं, म्हणजे चासीपासून तुटलेलं. आमच्या मिस्त्रींनी सेल्फ मारला, एक ‘टक’ झालं. दुसऱ्यांदा मारला तर पायांपुढच्या पत्र्यापाशी वास आला. बघतो तर स्टॉपरची केबल लाल झालेली, तिच्यावरचं प्लास्टिक वितळून बुटावर ठिबकतंय. सेल्फचा सगळा करंट परत जायला तीच एक तार सापडली होती. बोटभर रुंद विणलेली पट्टी, दोन्ही टोकांचा रंग खरवडून लावली आणि सेल्फ पहिल्याच झटक्याला फिरला.

चावी फिरवून हे इंजिन बंद होत नाही, स्टॉपर ओढावा लागतो. कोणाला गाडी चालवायला देताना हे आधी सांगा.

पाणी, हवा आणि धूर यांचं फारसं काही नाही. रेडिएटर सेटमधलाच लावा, पंख्याभोवती पत्र्याचं कडं द्या. एअर क्लीनरचं तोंड उंच ठेवा. डिझेलला स्पार्क नाही म्हणून ओढ्यात भिजून ते बंद पडत नाही, पण तोंडातून पाणी प्यायलं तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ब्रेकला बूस्टर बसवणार असाल तर व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर घ्या, कारण डिझेलच्या इनटेकमधून पेट्रोलसारखा व्हॅक्यूम मिळत नाही.

पहिला स्टार्ट

ऑइल, पाणी भरा. मग हवा काढा. फिल्टरचा बोल्ट सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबेपर्यंत. तो घट्ट. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडचे चारही नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, प्रत्येकातून डिझेल उडायला लागलं की एकेक आवळत जा. इंजिन पकडतं तेव्हा एक-दोन सिलिंडर आधी बोलतात, मग बाकीचे. चालू इंजिनात नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. ते डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि टाचणीएवढी जखम दिसली तरी थेट दवाखाना गाठायचा.

एक माणूस हातात जाड फळी घेऊन एअर पाइपच्या तोंडापाशी उभा ठेवा. गव्हर्नर (पंपातला वेग आवरणारा भाग) अडकून किंवा टर्बोचं ऑइल खेचून इंजिन सुसाट सुटलं, तर स्टॉपरने थांबेलच असं नाही. हवा तोडली की थांबतं. आम्हाला फळी कधी लागली नाही, तरी प्रत्येक वेळी कोणीतरी ती धरून उभं असतंच.

ऑइल प्रेशर काही सेकंदांत दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बंद. पहिले पंधरा मिनिटं उभ्यानेच चालवा, गळती बघा, थंड झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. मग गावातल्या गावात पन्नास किलोमीटर, आणि मगच घाट. आम्ही भोरहून वरंध घाटात नेली. पाण्याचा काटा चढाला थोडा सरकला आणि तिथेच राहिला.

परत आल्यावर पुन्हा वजनकाटा. पुढच्या चाकांवर सत्तर किलो वाढले होते आणि पुढचं मडगार्ड दोन बोटं खाली आलेलं. पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं आणि उंची पूर्ववत झाली. ब्रेकचे लायनर नवे घातले, कारण वजन वाढलं होतं आणि इंजिन ब्रेकिंगचा अंदाजही बदलला होता.

राहता राहिली तपासणी. इन्स्पेक्टर इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. आमचा नंबर आम्हीच बनवलेल्या ब्रॅकेटच्या मागे गेला होता. भर उन्हात, आरटीओच्या मैदानात, जॅकवर इंजिन पेलून ते ब्रॅकेट सोडवलं. साहेब बाजूच्या झाडाखाली चहा पीत थांबले. तुम्ही टाके मारायच्या आधी नंबर कुठे आहे ते बघून ठेवा, आणि तिथला रंग पॉलिश पेपरने काढून ग्रीस लावून ठेवा.